हृदयाची तहान

मनुष्याच्या शरीरांतील इतर कोणत्याहि इंद्रियाचें नांव आपल्या बोलण्यांत येत नसेल इतकें हृदयाचें येतें. दुःखानें तें विदीर्ण होतें, आनंदानें उचंबळतें, दयेनें द्रवतें. आणि निष्ठुर मनुष्यास तर तें नसतेंच, असें आपण म्हणतों. परंतु भाषेंतील हें हृदय क्षणभर बाजूस ठेवून, छातीच्या पिंजऱ्यांत किंचित् डावीकडे कललेलें, बंद मुठीएवढें जें मांसाचें हृदय अहोरात्र खपत असतें, त्याची ओळख आपणांपैकीं किती जणांस असते? आज जगांत माणसें सर्वांत अधिक कशानें मरतात, असें कोणी विचारल्यास त्याचें उत्तर पटकी, क्षय, युद्ध किंवा अपघात असें नसून, या मुठीएवढ्या स्नायूस रक्त कमी पडल्यानें, असें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२१ या एका सालीं सुमारें ९० लाख माणसें या विकारानें मृत्यु पावलीं.

हा विकार शाळकरी मुलांचा नव्हे, मग तो शाळेच्या वार्षिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर दोन प्रकारचें आहे. एक, हा विकार ज्यांना गांठतो ते आमच्या विद्यार्थ्यांचे वडील, आई, आजोबा व काका आहेत; आणि ज्या घडीस तो गांठतो त्या घडीस घरांत लिहितें वाचतें माणूस म्हणून कित्येकदां शाळेंत जाणारें मूलच असतें. दुसरें, या विकाराचें बीं तरुणपणींच रुजतें. तो उघड दिसूं लागतो तेव्हां मात्र केस पिकलेले असतात. म्हणून हा विषय होईल तितक्या सोप्या रीतीनें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहों. औषध सांगणें हें आमचें काम नाहीं. परंतु मनुष्य औषधापर्यंत वेळेवर पोंचावा यासाठीं जें ज्ञान लागतें तें देणें हें शाळेचेंच काम आहे, असें आम्ही मानतों.

शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील हृदयाची आकृति पाहून विद्यार्थ्यांस प्रथम एक प्रश्न पडतो, व तो अगदीं योग्य आहे. हृदयाचे चारहि कप्पे तर रक्तानें भरलेले. मग ज्याच्या पोटांत रक्त, त्यासच रक्ताचा तुटवडा कसा पडावा? याचें उत्तर पखालवाल्याच्या उदाहरणानें चांगलें कळेल. पूर्वीं घरोघर नळ नव्हते तेव्हां पखालवाला पाठीवर चामड्याची पखाल घेऊन पाणी पोंचवीत असे. त्याच्या पाठीवर पाण्याचें ओझें असे, पण त्या पाण्यानें त्याची तहान भागत नसे. कारण चामड्यांतून पाणी पाठींत शिरत नाहीं. तहान लागली कीं त्यालाहि इतरांप्रमाणें ओंजळ पुढें करून तोंडानेंच पाणी प्यावें लागे. हृदयाची स्थिति हुबेहूब अशीच आहे. तें साऱ्या शरीरास रक्त वांटतें, परंतु कप्प्यांतून झपाट्यानें जाणारें रक्त त्याच्या जाड भिंतींत मुरत नाहीं. स्वतःच्या पोषणासाठीं त्यासहि हाताला अगर मेंदूला असतात तशा वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात.

या वाहिन्या म्हणजे हृदयाच्या दोन रोहिण्या. हृदयांतून शुद्ध रक्त घेऊन निघणारी जी महारोहिणी, तिच्या अगदीं मुळाशीं या दोन शाखा फुटतात. एक उजवी व दुसरी डावी. डावीचे लवकरच दोन मोठे फांटे होतात. तीं सर्व मिळून हृदयास वरून वेढा घालतात, तो मुकुटासारखा दिसतो, म्हणून लॅटिन भाषेंतील मुकुट या अर्थाच्या शब्दावरून त्यांस ‘कॉरोनरी’ असें नांव पडलें. त्यांची जाडी फार तर तीन-चार मिलिमीटर, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या निम्म्याहूनहि थोडी कमीच. एवढ्याशा नळ्यांवर केवढा भार असतो तो पाहा. मोठ्या मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ७२ ठोके देतें, आणि एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त पुढें ढकलतें. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. दिवसास एक लाखाहून अधिक ठोके व ७,००० लिटरांहून अधिक रक्त, असें उत्तर येईल. या श्रमाचा मोबदला म्हणून हृदय स्वतःसाठीं त्या रक्ताचा सुमारें विसावा हिस्सा घेतें.

यांत दोन गोष्टी विशेष ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, विश्रांतीच्या वेळीं शरीर सरासरीनें रक्तांतील सुमारें पाव हिस्सा प्राणवायु घेतें व बाकीचा शिलकेस ठेवितें. धांवण्याचा प्रसंग आला कीं ती शिल्लक उपयोगीं पडते. हृदय मात्र निवांत असतांनाहि आपल्या वांट्याच्या रक्तांतील जवळजवळ तीन चतुर्थांश प्राणवायु घेऊन मोकळें होतें. त्याच्यापाशीं शिल्लक अशी नाहींच. काम वाढलें तर अधिक रक्त आणणें हा एकच मार्ग त्यास उरतो. निरोगी रोहिण्या रुंदावून चौपट-पांचपट रक्त आणूंहि शकतात. दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. हृदय आवळतें तेव्हां त्याच्या स्नायूंत शिरलेल्या वाहिन्याहि दाबल्या जातात; त्यामुळें त्याच्या डाव्या खालच्या कप्प्यास, म्हणजे सर्वांत कष्टाळू भागास, बहुतेक रक्त मिळतें तें दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणांत. ठोके जलद पडूं लागले कीं हा विसावा आंखूड होतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळीं पिण्याची सवड कमी होते. रोहिण्या मोकळ्या असतील तर हें सहज निभतें. त्या अरुंद झाल्या असतील तर हृदय तहानेलें राहतें. या रक्ताच्या तुटवड्यास डॉक्टर लोक ‘इस्कीमिया’ म्हणतात. ग्रीक भाषेंतील ‘अडविणें’ व ‘रक्त’ या अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास आहे.

आतां रोहिण्या अरुंद कशा होतात तें पाहूं. रोहिणीचा आंतला थर निरोगी स्थितींत इतका गुळगुळीत असतो कीं त्यास रक्त चिकटत नाहीं. तंबाखूचा धूर, रक्ताचा वाढलेला दाब, रक्तांतील फाजील साखर यांच्या योगानें त्या थरास सूक्ष्म इजा होत राहते, आणि कोलेस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ त्याच्या खालीं शिरून साठूं लागतो. तो साफ करण्यासाठीं आलेल्या पांढऱ्या पेशी त्यास गिळतात व तेथेंच अडकून मरतात. वर्षानुवर्षें असें होऊन एक मऊ गाभा व त्यावर तंतूंचें टोपण, असा उंचवटा तयार होतो. पाटांत गाळ बसावा तसा हा मळ नळीच्या पोकळींत बसतो व एखादा काढा घेतला कीं धुवून निघतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. हा सांठा पोकळींत नसून भिंतीच्या आंत असतो; भिंतींतलें गळूं असें त्यास म्हटलें तरी चालेल. आणि हें काम किती लवकर सुरू होतें याचा पुरावा विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावा. कोरियाच्या युद्धांत पडलेल्या ३०० अमेरिकन शिपायांच्या हृदयांची तपासणी होऊन तिचा वृत्तांत १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय अवघें २२ वर्षांचें होतें. तरी शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत या विकाराच्या खुणा कमीअधिक प्रमाणांत सांपडल्या. धडधाकट, कवायत करणारे ते तरुण. त्यांस स्वतःस कसलीहि कल्पना नव्हती.

कल्पना नसण्याचें कारण गणितांत व शरीराच्या सोशिकपणांत आहे. प्वाझय नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रयोग करून एक नियम शोधून काढिला. दाब तोच ठेविला तर नळींतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाहीं. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. हें वाचून वाटेल कीं थोड्याशा अरुंदपणानेंच मनुष्य आजारी पडावा. परंतु शरीर मोठें सोशिक आहे. वरची रोहिणी अरुंद होऊं लागली कीं खालच्या बारीक वाहिन्या आपण होऊन रुंदावतात व तूट भरून काढितात. म्हणून मोठ्या रोहिणीचा व्यास बराच कमी होईपर्यंत, स्थूलमानानें दोन तृतीयांशांहून अधिक घटेपर्यंत, बसल्या जागीं कांहींच जाणवत नाहीं. जाणवतें तें चढ चढतांना, भरल्या पोटीं चालतांना, ओझें उचलतांना, थंडीच्या दिवसांत पहाटे बाहेर पडल्यावर, अगर राग अनावर झाला असतां. छातीच्या मध्यभागीं आवळल्यासारखें, धोंडा ठेविल्यासारखें होतें. कळ डाव्या हाताकडे, खांद्याकडे, मानेकडे अगर जबड्याकडे जाते. मनुष्य थांबला कीं पांच-दहा मिनिटांत ती ओसरते. ही त्या तहानेल्या स्नायूची हांक होय.

ही हांक प्रथम नीट ऐकून लिहून ठेवणारा वैद्य म्हणजे लंडनचा विल्यम हेबर्डन. त्यानें १७६८ सालीं तेथील वैद्यांच्या सभेपुढें या दुखण्याचें वर्णन वाचलें व १७७२ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. ‘अँजायना पेक्टोरिस’, म्हणजे छातीचें गुदमरणें, हें नांव त्यानेंच दिलें. चालतांना कळ येते व थांबतांच जाते ही खूण त्यानें अचूक टिपली. परंतु तिचें मूळ हृदयाच्या रोहिण्यांत आहे हें त्यास उमगलें नाहीं. तें प्रथम हेरणाऱ्यांपैकीं एक, पुढें देवीची लस काढून जगप्रसिद्ध झालेला एडवर्ड जेन्नर होता. या दुखण्यानें मेलेल्या रुग्णांच्या रोहिण्या कठीण झालेल्या त्यानें पाहिल्या होत्या, आणि आपले गुरु, प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, यांसहि हेंच दुखणें आहे अशी त्याची खात्री पटली होती. परंतु गुरूंच्या मनास धक्का बसूं नये म्हणून त्यानें आपला तर्क जाहीर केला नाहीं. राग आला कीं कळ येते हें स्वतः हंटर यांस पुरतें ठाऊक होतें. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांतील एका सभेंत त्यांस विरोध झाला. ते संतापून उठून शेजारच्या खोलींत गेले व तेथेंच कोसळून गतप्राण झाले. शवपरीक्षेंत त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या. शिष्याचा तर्क खरा ठरला, परंतु त्या काळीं या ज्ञानाचा उपयोग करण्यास एकहि साधन नव्हतें. आज साधनें आहेत. उणीव असलीच तर ती वेळेवर हांक ऐकण्याची आहे.

येथवर सांगितलें तें हळूहळू वाढणाऱ्या तुटवड्याविषयीं. हृदयविकाराचा झटका म्हणतात तो याहून निराळा प्रकार आहे. भिंतींतील त्या गळवाचें टोपण एखाद्या दिवशीं फाटतें. आंतील पदार्थ उघडा पडून रक्तास लागतो. बोट कापलें असतां जखम बुजविण्यासाठीं ज्या रक्तपट्टिका धांवून येतात, त्या येथेंहि जखमच आहे असें समजून धांवून येतात व भराभर गुठळी बनवितात. जी योजना बोटावर प्राण वांचविते तीच तीन मिलिमीटरच्या नळींत प्राणघातक ठरते. रोहिणी पूर्ण बंद होते. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. फाटणारें टोपण पुष्कळदां अशा उंचवट्याचें असतें कीं ज्यानें पूर्वीं मार्ग फारसा अडविलेला नव्हता. म्हणूनच काल-परवांपर्यंत जिने चढणारा मनुष्य आज एकाएकीं आडवा पडतो, आणि ‘त्यांना तर कांहींच नव्हतें हो!’ असें शेजारीपाजारी म्हणत राहतात.

रक्त पूर्ण बंद झाल्यावर त्या भागाचा स्नायु लगेच मरत नाहीं. पहिल्या वीस-तीस मिनिटांत प्रवाह परत सुरू झाला तर तो बहुतेक सर्व वांचूं शकतो. नंतर मरण आंतल्या बाजूनें सुरू होऊन बाहेरच्या बाजूकडे सरकत जातें, आणि सुमारें सहा तासांत त्या प्रदेशांतील बहुतेक स्नायु नष्ट होतो. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. त्या जागीं केवळ वण राहतो, आणि वणाला आवळतां येत नाहीं. यावरून प्रत्येक मिनिटाची किंमत कळून येईल. १९१२ सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं असा झटका येऊनहि मनुष्य जगूं शकतो हें दाखविलें. तरी पुष्कळ वर्षें उपचार म्हणून कांहीं आठवडे बिछान्यावर निजवून ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. १९८० सालीं झटक्याच्या पहिल्या कांहीं तासांतच रोहिण्यांचीं क्षकिरण-चित्रें घेऊन पाहतां बहुतेकांची रोहिणी गुठळीनें बंद झालेली आढळली. १९८८ सालीं १७,००० हून अधिक रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यांत गुठळी विरघळविणारें औषध व साधी ॲस्पिरिन हीं दोन्ही ज्यांस दिलीं, त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाण, ज्यांस दोन्ही दिलीं नाहींत त्यांच्या मानानें, शेंकडा सुमारें ४२ नें कमी झालें. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झ्यूरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनीं जागृत रुग्णाच्या रोहिणींत बारीक नळी घालून तिच्या टोंकावरील फुग्यानें अरुंद जागा रुंद केली होती. आज ज्या रुग्णालयांत सोय आहे तेथें झटका आलेल्या रुग्णाची बंद रोहिणी त्याच रीतीनें तातडीनें उघडतात व ती पुन्हां मिटूं नये म्हणून धातूच्या जाळीची नळी, जिला स्टेंट म्हणतात, ती आंत बसवितात. फांटे पुष्कळ ठिकाणीं बंद असतील तर पायांतील शीर अगर छातींतील रोहिणी वापरून प्रवाहास नवा पाट काढून देतात. ती बायपासची शस्त्रक्रिया. पायांतील शीर घेऊन ती करण्याची रीत रेने फावालोरो यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलँड येथें रूढ केली.

इतकीं साधनें असतांना माणसें दगावतात कां? पुष्कळदां त्याचें कारण दवाखान्यांत नसून घरांत असतें. समजा, रात्रींचें जेवण झालें आहे. घरच्या कर्त्या पुरुषास छातींत जड वाटूं लागतें, दरदरून घाम येतो, मळमळतें. कोणी म्हणतें, पित्त झालें. कोणी म्हणतें, वायु धरला. ओवा व सैंधव दिलें जातें, सोडा पाजला जातो, छातीस तेल चोळलें जातें. एवढ्या रात्रीं कोणास कशाला त्रास, सकाळीं पाहूं, असें तो गृहस्थ स्वतःच म्हणतो. या प्रत्येक वाक्यामागें प्रेम आहे, संकोच आहे, खर्चाची धास्तीहि आहे. परंतु जे सहा तास स्नायु वांचविण्याचे ते असल्या समजुतींतच निघून जातात. पित्तानेंहि छातींत जळजळतें हें खरें. घरच्या माणसांस या दोहोंतील भेद खात्रीनें ओळखतां येत नाहीं, आणि तो ओळखण्याचा प्रयत्नहि त्यांनीं करूं नये. तें काम हृदयाच्या विद्युत्-आलेखाचें, म्हणजे ईसीजीचें, व रक्तपरीक्षेचें आहे. पहिला आलेख ठीक आला तरी डॉक्टर तो कांहीं वेळानें पुन्हां काढितात. म्हणून एका आलेखावर घरीं परतण्याची घाई करूं नये. पित्त निघालें तर एक फेरी फुकट गेली एवढेंच. हृदय निघालें तर एक संसार वांचला.

येथें आणखी एक इशारा देणें अवश्य आहे. सर्वांसच छातींत कळ येते असें नाहीं. स्त्रिया, वृद्ध माणसें व मधुमेही यांच्यांत पुष्कळदां नुसता दम लागणें, अंगांतील त्राण एकाएकीं जाणें, जबडा, पाठ अगर पोटाचा वरचा भाग दुखणें, मळमळ, घाम व भोंवळ एवढीच खूण असते. घरची बाई ‘दमलें असेन’ म्हणून पदर खोंचून पुन्हां कामास लागते व तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. हा विकार पुरुषांचाच अशी जी समजूत आहे तिचें मोल अनेक मातांनीं दिलें आहे.

तर मग करावें काय? हें विद्यार्थ्यांनीं पाढ्याप्रमाणें पाठ करावें. छातींत दाटून आलेली कळ अगर वर सांगितलेलीं चिन्हें विसावा घेऊनहि कांहीं मिनिटांत जात नसतील, तर १०८ क्रमांकावर फोन करावा; तेथें पत्ता स्पष्ट सांगावा व जवळची ठळक खूण सांगावी. रुग्णास चालवूं नये, जिना चढउतार करूं देऊं नये, आणि स्वतः गाडी हांकीत दवाखान्यांत तर मुळींच जाऊं देऊं नये. त्यास आराम वाटेल असा टेकून बसवावा. अशा वेळीं ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास डॉक्टर पुष्कळदां सांगतात. परंतु ती कांहीं लोकांस अपायकारक असते, म्हणून फोनवरील माणसास अगर डॉक्टरांस विचारूनच ती द्यावी. रुग्णाची शुद्ध हरपली व श्वास नीट चालत नसेल, तर त्यास उताणें निजवून छातीच्या मध्यभागीं हाताचा तळवा व त्यावर दुसरा हात ठेवून, पांच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां, मदत येईपर्यंत दाबीत राहावें. वरच्या वर्गांतील मुलांमुलींस हें शिकतां येतें. ज्यांनीं तें शिकून घेतलें नसेल त्यांनीं संधि मिळतांच शिकून घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आतां मूळ कारणांविषयीं. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत ५२ देशांतील सुमारें १५,००० झटका आलेले रुग्ण व जवळजवळ तितकेच इतर लोक यांची तुलना करण्यांत आली. पहिल्या झटक्याचा शेंकडा ९० हून अधिक धोका अवघ्या नऊ गोष्टींनीं ठरतो, असें तींत दिसून आलें. तंबाखू, रक्तांतील स्निग्ध पदार्थांचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, भाजीफळांची वाण व व्यायामाचा अभाव हीं त्यांतील मुख्य. याच पाहणींतून दक्षिण आशियांतील, म्हणजे भारत व शेजारच्या देशांतील, लोकांविषयीं विचार करावयास लावणारी गोष्ट पुढें आली. आपल्याकडे पहिल्या झटक्याचें सरासरी वय ५३ होतें, तर इतर देशांत तें सुमारें ५९ होतें. या सहा वर्षांचा अर्थ घरच्या हिशेबांत मांडून पाहा. त्रेपन्नाव्या वर्षीं कित्येकांचीं मुलें शिकत असतात, मुलीचें लग्न व्हावयाचें असतें, घराचें कर्ज फिटावयाचें असतें.

परंतु या आंकड्यांतच मोठी आशाहि आहे. वरच्या यादींतील बहुतेक गोष्टी मनुष्याच्या हातांतल्या आहेत. विडी, सिगारेट, गुटखा, तपकीर व दांतांस लावण्याची मिसरी हीं सर्व तंबाखूचींच रूपें होत. मिसरीस औषध समजणाऱ्या माउलींनीं हें ध्यानांत घ्यावें. धूम्रपान सोडणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका एका वर्षांत सुमारें निम्म्यावर येतो. इतक्या लवकर फळ देणारें दुसरें व्रत आम्हांस ठाऊक नाहीं. रक्तदाब व साखर हीं दुखत नाहींत, म्हणून तीं मोजल्याशिवाय कळत नाहींत. तिशी उलटलेल्या प्रत्येकानें तीं वेळोवेळीं मोजून घ्यावीं, आणि डॉक्टरांनीं गोळी दिली असल्यास बरें वाटतें म्हणून ती मनानें बंद करूं नये; गोळी चालू आहे म्हणूनच बरें वाटत असतें. रोज अर्धा तास भरभर चालणें, लोणचें-पापडांतील मीठ बेतानें घेणें, तळलेल्या पदार्थांऐवजीं भाकरी, उसळ, पालेभाजी व फळ यांस ताटांत अधिक जागा देणें, यांस फारसा खर्च लागत नाहीं. फुगा किंवा बायपास झाल्यावरहि हें चुकत नाहीं. कारण त्या उपायांनीं अडलेली एक जागा मोकळी होते. सगळ्या रोहिण्यांच्या भिंतींतील विकार तसाच असतो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें आज घरीं येऊन ‘बाबा, तुमचा रक्तदाब कधीं मोजला होता?’ असें विचारलें तर त्यास आगाऊ म्हणून गप्प बसवूं नये. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, घरांत रात्रींबेरात्रीं कोणाच्या छातींत दाटून आलें व मोठीं माणसें ‘पित्त असेल, सकाळीं पाहूं’ असें म्हणूं लागलीं, तर लहान तोंडीं मोठा घास वाटला तरी वाटो. तुम्हीं नम्रपणें पण ठामपणें म्हणावें, ‘आतांच जाऊं या,’ आणि उत्तराची वाट न पाहतां फोन उचलावा. वर्षभरांत एखाद्या घरीं जरी तसें घडलें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.